बारावीला मार्क कमी: परत बसायचं, डिप्लोमाला जायचं की बीएस्सी करायची?

लांजा एसटी स्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. मागच्या जूनमध्ये धो धो पावसात एक बापलेक आले. "बावन्न टक्के हायत पोराला, इंजिनीअरिंगचा फॉर्म भरा," वडील म्हणाले. प्लास्टिकच्या पिशवीतून मार्कलिस्ट निघाली. आयटी आणि पर्यावरण या विषयांनी टक्के वर खेचले होते. फिजिक्स 41, केमिस्ट्री 46, मॅथ्स 44. बेरीज 131.

इंजिनीअरिंगला खुल्या गटासाठी या तीन विषयांत मिळून 45 टक्के लागतात, म्हणजे 300 पैकी 135. चार मार्क कमी. पोराने सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, दिली होती, पण पात्रताच नसेल तर सीईटीचा उपयोग नाही. राखीव गटाला 40 टक्के, म्हणजे 120 पुरतात. शाळेच्या दाखल्यावर 'कुणबी' लिहिलेलं होतं, पण जातीचा दाखला कधी काढलेलाच नव्हता. दाखला, व्हॅलिडिटी (जात पडताळणी), नॉन-क्रिमिलेयर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) हे सगळं प्रवेशाच्या धावपळीत होत नाही. ज्यांचं पोर आत्ता अकरावीत आहे त्यांनी हे काम याच वर्षी करून टाकावं. दरवर्षी या एका कागदापायी पोरं मागे राहतात आणि मला ते बघवत नाही.

तर अशा पोरापुढे खरे रस्ते तीन.

पहिला, परत बसायचं. पास झालेल्यालाही बोर्डाची श्रेणीसुधार परीक्षा देता येते. पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी देऊन सरळ पहिल्या वर्षाला जायचं. घरच्यांना हाच रस्ता आधी सुचतो, कारण तो ओळखीचा असतो आणि 'पोरगा इंजिनीअरिंगलाच जाणार' हे लोकांना सांगता येतं. आपलं कोकण बोर्ड सुरू झाल्यापासून निकालात राज्यात पहिलं येतं, 2025 मध्ये बारावीचा निकाल 96.74 टक्के लागला. आजूबाजूला सगळे पास असताना कमी मार्कांची लाज जास्त बोचते, आणि त्या लाजेपोटी गॅप घेतला जातो.

मी स्वतः घेतला होता, म्हणून ठामपणे सांगतो. घरी बसलेलं पोर कोकणात रिकामं राहत नाही. जूनमध्ये लावणी, ऑक्टोबरमध्ये कापणी, थंडीत आंब्याच्या बागेला फवारणी. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा बागेत वानरांवर राखण. सीईटी एप्रिलमध्ये, आंब्याच्या ऐन हंगामात. मी पुस्तक उघडून पिकत घातलेल्या आंब्यांच्या आढीजवळ बसायचो आणि हात पेंढा घालून पेट्या भरत असायचे. वडिलांनी कधी अभ्यास सोड म्हणून सांगितलं नाही, पण झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन ते एकटे झाडावर चढताना दिसले की मी उठायचोच. वर्षभरात सगळे मिळून सहा मार्क वाढले.

म्हणून माझं मत असं, की परीक्षेच्या वेळी आजारपण, घरातला मृत्यू असं नेमकं कारण होतं आणि मुलाला विषय खरंच येतो, तरच परत बसावं. तेही घराबाहेर, रत्नागिरीत नाहीतर कोल्हापुरात खोली करून. विषयच कळला नसेल तर तीच पुस्तकं वर्षभर पुन्हा वाचून तो कळेल, याची आशा मला वाटत नाही.

दुसरा रस्ता डिप्लोमाचा, आणि याबद्दल लोकांना फार कमी माहिती असते. बारावी सायन्स पास झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. रत्नागिरीला आणि मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दोन वर्षांत डिप्लोमा होतो, त्यानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पुढे तीन वर्षं. तिथे मेरिट लागतं ते डिप्लोमाच्या मार्कांवर. सीईटी नाही, आणि बारावीचे ते 131 कोणी विचारत नाही.

आता वर्षं मोजा. परत बसलात तर एक अधिक चार, पाच वर्षं. डिप्लोमाने गेलात तर दोन अधिक तीन, तीही पाचच. 'डिप्लोमात वर्षं वाया जातात' असं म्हणणाऱ्या प्रत्येक पालकाला मी हा हिशोब कागदावर मांडून दाखवतो. वर डिप्लोमावाल्याच्या हातात दोन वर्षांनी एक पदविका असते. घरी अडचण आली तर तो तिथे थांबून नोकरी करू शकतो. गॅपवाल्याकडे दोन वर्षांनी फक्त पहिल्या वर्षाची मार्कलिस्ट असते.

अडचणी आहेतच. थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मोजक्या असतात, हवी ती ब्रँच मिळेलच असं नाही. शिवाय पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग, वर्कशॉप आणि गणित राहिलेलं असतं, त्यामुळे पहिले चार महिने पोर गोंधळतं. तेवढ्यात धीर सोडला तर विषय राहतात. लांज्याहून रत्नागिरीला एसटीच्या पासवर रोज जाऊन येणारी पोरं आहेत, पण पहिल्या वर्षी तरी हॉस्टेल किंवा खोली बघावी. संध्याकाळी ड्रॉइंगची शीट पुरी करायला वेळ लागतो.

यात अजून एक दार आहे. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं मेरिट दहावीच्या मार्कांवर लागतं. दहावीला 80-85 आणि बारावीला घसरलेली पोरं आपल्याकडे भरपूर. त्यांना दहावीच्या मार्कलिस्टवर पहिल्या वर्षाला जाता येतं. एक वर्ष जास्त जातं, पण पाया पक्का होतो. गणित खरोखर कच्चं असेल तर मी हेच सुचवतो.

तिसरा, बीएस्सी किंवा बीकॉम. बारावी पास असलं की पुरतं. रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर, चिपळूणचं डीबीजे, सावंतवाडीचं पंचम खेमराज ही जुनी, नावाजलेली कॉलेजं जवळ आहेत. केमिस्ट्री आवडत असेल, शिक्षक व्हायचं असेल, स्पर्धा परीक्षा द्यायच्या असतील, तर हा रस्ता इतर कुठल्याही रस्त्याइतका चांगला. बारावीला मॅथ्स असेल तर बीएस्सीनंतरही इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पण त्या भरवशावर बीएस्सी घेऊ नका, जागा आधी डिप्लोमावाल्यांना जातात. ज्याला लगेच कमवायला लागणार आहे त्याने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची चौकशी करावी, नोकरी सांभाळून पदवी होते.

मुलींच्या पालकांसाठी वेगळं सांगतो. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. फी परवडणार नाही म्हणून मुलीला जवळच्या कॉलेजात घालणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

तो 131 वाला पोरगा रत्नागिरीला मेकॅनिकल डिप्लोमाला गेला. दिवाळीच्या सुट्टीत महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा स्कॉलरशिप फॉर्म भरायला आला होता. म्हणाला, "ड्रॉइंग अजून जमत नाय. पण सर संध्याकाळचे थांबून शिकवतात." जातीच्या दाखल्याचे कागदही बरोबर आणले होते. तेही त्याच दिवशी भरून टाकले.