नुसते बघण्याचे २०० रुपये

सदाशिव पेठेत राहत्या घरीच मी अक्षरजुळणीची कामे करतो. प्रबंध, स्मरणिका, मुंजीच्या पत्रिका असे जे येईल ते. ईमेलचा काळ असला तरी निम्मे ग्राहक अजूनही मजकूर पेनड्राइव्हवरच घेऊन येतात, त्यामुळे संगणकाच्या पुढच्या यूएसबी पोर्टाला दिवसभर उसंत नसते. गेल्या महिन्यात याच पोर्टात ड्राइव्ह घातला की संगणक बंद पडू लागला. कधी घालताक्षणी पडे, कधी ड्राइव्हला जरासा धक्का लागला की पडे, आणि एका प्रबंधाची ४० पाने जतन न करताच गेली तेव्हा माझा धीर सुटला.

आधी ज्या दुकानात गेलो, त्याचे नाव घेत नाही. तिथे विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील (संगणकातल्या घडामोडींच्या नोंदवहीतील) 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद मला दाखवण्यात आली आणि तिच्या आधारावर नवा मदरबोर्ड व नवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) मिळून साडेनऊ हजारांचा अंदाज हाती ठेवण्यात आला. ही नोंद फक्त इतकेच सांगते की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. तो का बंद पडला, हे तिच्यात नसते. हे मला नंतर कळले, आणि ज्या दुकानात कळले त्याविषयी हा अभिप्राय आहे.

टिळक रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, तळमजल्यावर, जेमतेम दोन टेबले मावतील एवढे हे दुकान आहे. दारातच पाटी आहे : 'तपासणी शुल्क २०० रुपये. दुरुस्ती केली नाही तरी द्यावे लागेल.' माझ्या आधीचे गृहस्थ ती वाचून "नुसतं बघायचे पैसे?" असे म्हणून परत फिरले. मीही फिरलो असतो, पण रिक्षातून मांडीवर सीपीयू घेऊन आलो होतो.

टेबलामागच्या तरुणाने सीपीयूला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला, "काका, बंद पडतो की निळा होतो?" निळा पडदा येऊन त्यावर त्रुटीचे नाव उमटत असेल, तर विंडोजला काहीतरी बिघडल्याचे कळलेले असते आणि संशय बहुधा ड्रायव्हरवर, म्हणजे जोडलेले उपकरण चालवणाऱ्या प्रणालीवर, जातो. १९९८ मध्ये विंडोज ९८च्या जाहीर प्रात्यक्षिकात, खुद्द बिल गेट्स मंचावर असताना, यूएसबी स्कॅनर जोडताच आलेला पडदा याच जातीचा होता. माझा संगणक मात्र दिवा मालवावा तसा विझत असे. शिवाय ड्राइव्ह लावलेलाच ठेवून संगणक सुरू केला, तर यूएसबीतून जास्त प्रवाह जात असून १५ सेकंदांत संगणक बंद होईल, अशी इंग्रजी सूचना काळ्या पडद्यावर येई. पहिल्या दुकानातही मी हे सांगितले होते, पण तिथे कोणी ते कानावर घेतले नाही. इथे ते ऐकताच त्याने सरळ पेचकस उचलला.

पुढची दहा मिनिटे मी शेजारी उभा राहून पाहत होतो. पुढच्या पोर्टांची केबल त्याने मदरबोर्डावरून काढली आणि दुकानातला ड्राइव्ह मागच्या पोर्टात चार वेळा घातला-काढला. संगणक चालूच राहिला. मग संगणक बंद करून, त्या सुट्या केबलच्या टोकाशी लाल आणि काळ्या तारेवर, दोन तारा एकमेकींना भिडल्या की वाजणाऱ्या मल्टिमीटरच्या सुया टेकवल्या. लाल तार ५ व्होल्टची, काळी ग्राउंडची. मीटर गप्प होता. मग त्याने मला ड्राइव्ह पुढच्या पोर्टात हळूहळू सरकवायला सांगितले, आणि तो अर्धा आत जाताच मीटर किंचाळला. टॉर्चच्या उजेडात कारण दिसले : पोर्टातली प्लॅस्टिकची जीभ तडकली होती, तिच्यावरची एक पत्ती वाकली होती आणि ड्राइव्हच्या दाबाने ती बाहेरच्या धातूच्या कवचाला टेकत होती. ५ व्होल्टची तार थेट ग्राउंडला भिडत असल्याने संगणक स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत होता. यूएसबी २.० पोर्टाने ५०० मिलिअँपिअर द्यावेत अशी अपेक्षा असते. शॉर्टसर्किटमध्ये ती मर्यादा कुठल्या कुठे जाते.

मदरबोर्ड शाबूत, एसएमपीएस शाबूत. पुढच्या पोर्टांची छोटी पट्टी ३५० रुपये, बसवणावळ १५० आणि तपासणीचे २०० असे ७०० रुपये मी दिले. तपासणीचे पैसे दुरुस्तीतून वजा होत नाहीत, हे काहींना खटकेल. मला ते योग्य वाटते, कारण जो बघण्याचे पैसे घेत नाही त्याला काहीतरी विकूनच ते वसूल करावे लागतात. वारंवार अचानक बंद पडल्याने डिस्कवरच्या नोंदी विस्कटल्या असतील म्हणून त्याने न सांगता चेकडिस्कही चालवून दिले, आणि फॉरमॅटचा विषयसुद्धा काढला नाही.

उणिवा आहेत. माझ्या जुन्या कॅबिनेटला बसणारी पट्टी दुकानात नव्हती, ती मिळायला तीन दिवस लागले आणि त्या काळात फोन एकदाही उचलला गेला नाही. बिल हाताने लिहिलेले मिळते आणि अक्षर असे, की माझ्यासारख्या अक्षरजुळणीवाल्यालाही 'पट्टी' हा शब्द 'पट्टा' वाटावा. गल्लीत दुचाकी लावायलाही जागा नाही, तेव्हा जड सीपीयू असेल तर रिक्षानेच जावे, आणि ज्या ड्राइव्हने संगणक पडतो तो ड्राइव्हही बरोबर न्यावा.