चांदीतल्या बारीक भोकासाठी कोणता बिट: एचएसएस की कार्बाइड?

कानातल्याच्या चकतीला तार ओवायला एक भोक आणि जाळी कापण्याआधी करवतीचं पातं आत घालायला दुसरं. घरी चांदीचे दागिने करणाऱ्याची बहुतेक भोकं या दोन कामांचीच असतात. पत्रा फार तर एक मिलिमीटर जाड, भोक 0.7 ते 1.2 मिलिमीटरचं. एवढ्याशा कामासाठी दुकानदार तीन तऱ्हेचे ट्विस्ट बिट, म्हणजे ड्रिलची पीळदार पाती, समोर मांडतो: साधे हाय स्पीड स्टीलचे, म्हणजे एचएसएस, तेच, पण सोनेरी मुलामा दिलेले, आणि जाड दांड्याचे, गळ्यात रंगीत कडी घातलेले कार्बाइडचे, म्हणजे पोलादाहून कठीण पण ठिसूळ पदार्थाचे.

सोनेरीचा निकाल आधी लावते. तो थर टायटेनियम नायट्राइडचा असतो आणि त्याची खरी मजा पोलादात भोकं पाडणाऱ्याला. चांदी, तांबं, पितळ यांत मला तरी कधी फरक जाणवला नाही. त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका.

खरा पेच एचएसएस आणि कार्बाइडचा. कार्बाइड दिसायला मोहक. पहिल्याच भोकाला लोण्यात सुरी गेल्यासारखा जातो आणि त्याची धार महिनोन्‌महिने टिकते. दांडा सगळ्यांचा सारखाच, 3.175 मिलिमीटरचा, त्यामुळे चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्यांत, घट्ट बसतो. 0.5 चा एचएसएस बिट स्वस्त चकच्या जबड्यांत नीट धरलाच जात नाही, तिथे हा जाड दांडा फार सोयीचा वाटतो. पण हे बिट मुळात सर्किट बोर्डांसाठी बनवलेले. तिथे बोर्ड घट्ट आवळलेला असतो आणि यंत्र बिटाला सरळ खाली नेऊन सरळ वर आणतं. आपल्याकडे हँगिंग मोटरचा, म्हणजे वर टांगलेल्या मोटरला लवचिक दांड्याने जोडलेला, हँडपीस एका हातात, चकती दुसऱ्या हाताच्या बोटाखाली. हात केसभर कलला की एचएसएस थोडा वाकतो आणि सांभाळून घेतो. कार्बाइडला वाकणं माहीतच नाही, तो कट्कन तुटतो. तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही, म्हणून चष्मा हवाच.

तुटला तर पुढे काय, हा मुद्दा विकत घेताना कुणी सांगत नाही. माझ्या मते निर्णय इथेच होतो. एचएसएस भोकात अडकून तुटला तर घरातली तुरटी कामाला येते. काचेच्या भांड्यात तुरटीचं दाट पाणी करायचं, दागिना त्यात बुडवायचा आणि पाणी गरम राहील असं बघायचं. लोखंड हळूहळू खाल्लं जातं, चांदीला काही होत नाही. साध्या पोलादापेक्षा एचएसएसला वेळ जास्त लागतो, रात्रभरही लागू शकतो. लोखंडी किंवा स्टीलचं भांडं वापरू नका, आणि मोती बसवलेला दागिना तर मुळीच बुडवू नका. कार्बाइडवर तुरटी काहीच करत नाही. माझ्या एका जाळीच्या लोलकात 0.8 चं टोक असंच रुतून बसलं. दोन दिवस तुरटीत ठेवून पाहिलं, मग शेवटी तेवढा भाग करवतीने कापून नक्षीच बदलली. पाहणाऱ्यांना ती नक्षी आवडली, हा भाग वेगळा.

म्हणून हातानेच भोकं पाडणार असाल तर एचएसएस, आणि तेही डझनाने. छोटं ड्रिल स्टँड असेल, तुकडा आवळून एकसारखी चाळीस-पन्नास भोकं पाडायची असतील, तर कार्बाइड खुशाल घ्या. मोत्यालाही तो चांगला, फक्त मोती शिकंज्यात धरलेला आणि ओला हवा. खडा किंवा काच असेल तर दोन्ही बाजूला ठेवा, तिथे हिऱ्याच्या कणांचा बिट लागतो.

एचएसएसमध्येही एक निवड आहे. पातळ, सरळ दांड्याचे स्वस्त पडतात. 1 मिलिमीटरचा नेहमीचा बिट 34 मिलिमीटर लांब असतो. तो चकमध्ये खोल ढकलून आठ-दहा मिलिमीटरच बाहेर ठेवला की निम्मं तुटणं थांबतं. 2.35 मिलिमीटर दांड्याचे महाग. झटपट बिट बदलायचा हँडपीस असेल तरच ते परवडतात.

मापाचा घोळ मात्र दोन्हींत सारखाच. आपल्याकडे तारेचा गेज बहुधा ब्रिटिश पद्धतीचा, त्यात 20 गेज म्हणजे 0.91 मिलिमीटर. अमेरिकन व्हिडिओतलं 20 गेज 0.81 चं. तो बघून 0.9 चा बिट आणलात तर आपली तार भोकात शिरणार नाही आणि दोष बिटाला जाईल. 1.0 चा घ्या. तारेला कॅलिपर लावून मिलिमीटरमध्ये बोलायची सवय लावली की हा प्रश्नच राहत नाही. जाळीसाठी 0.8 पुरतो, 2/0 मापाचं करवतीचं पातं त्यातून सहज जातं.

पहिल्या खरेदीत 0.8 आणि 1.0 चे एचएसएस प्रत्येकी दहा, 1.2 चे चार, 0.5 चे दोनच. सोबत मधमाशीच्या मेणाचा खडा. दर भोकाआधी फिरता बिट त्यावर टेकवायचा, नाहीतर चुरा पिळात चिकटतो. आधी टोच्याने खूण, खाली लाकडाचा तुकडा, वेग मध्यम. आणि पलीकडे निघताना दाब सोडायचा, कारण बारीक बिट बहुतेक वेळा तिथेच तुटतात. तुटलेला दांडा फेकू नका, तेलाच्या दगडावर टोक काढलं की पत्र्यावर आखायची सुई तयार होते.