कानशीची वाकडी सुरी आणि ओला पेरू

लाकडी डाव-चमच्यांची वाटी कोरायची ही सुरी कुठल्या कंपनीची नाही. शिर्डीजवळच्या राहाता भागात रस्त्याकडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाडीदादांनी माझ्या समोर घडवून दिली. मजुरी 300 रुपये, कानस (लोखंड घासायचं दातेरी हत्यार) माझी, तिचीच ही सुरी झाली. दोन उन्हाळे वापरली. तिच्यावर नऊ डाव, चार पळ्या आणि मिठा-मसाल्याचे बरेच लहान चमचे झाले, म्हणून आता खात्रीने लिहिते.

त्याआधी एक संच ऑनलाइन मागवला होता. दोन सुऱ्या आणि चमच्याच्या आकाराचा एक ठोकळा. ठोकळा खडखडीत वाळलेला. तीन संध्याकाळी त्याच्याशी झटले, तळहाताला फोड आले आणि वाटीचा नुसता खळगा झाला. हे आपलं काम नाही असं समजून संच माळ्यावर टाकला. आज कळतं की मला लाकूडच चुकीचं मिळालं होतं.

भावाची सरदार पेरूची बाग आहे. हा वाण, म्हणजे एल-49, आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीतला. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, मे महिन्यात छाटणी होते आणि बांधावर फांद्यांचा ढीग पडतो. आम्ही लहानपणी बेचकी करायला पेरूचीच फांदी शोधायचो, कारण ती मोडत नाही. ते आठवलं आणि ढिगातून मनगटापासून दंडापर्यंत जाडीच्या सहा फांद्या उचलल्या. घरी येऊन एकीची साल काढली आणि साधी सुरी लावली. काकडीची साल निघावी तशी लांबलचक ढलपी निघाली, हाताला ओल लागली. त्या दिवशी माळ्यावरचा संच पुन्हा खाली काढला.

सरळ सुरीने दांडा छान झाला. वाटी कोरायला मात्र संचातली वाकडी सुरी उपयोगाची नव्हती. पातं पातळ होतं आणि जोर दिला की लवायचं. म्हणून घिसाडीदादांकडे गेले. पुठ्ठ्याचा आकार कापून नेला होता आणि सोबत एक मोठं लिंबू. वाटीची गोलाई एवढी हवी, असं सांगितलं. दादा म्हणाले, "ताई, पट्टीचं लोखंड नको. घरात जुनी कानस असली तर आणा." कानशीचं पोलाद कडक असतं, पाणी धरतं, म्हणजे लाल करून पाण्यात बुडवलं की आणखी कडक होतं. सासऱ्यांची झिजलेली कानस होती, ती दिली.

पुढचा तास मी तिथेच बसून होते. वहिनी घण मारत होत्या, दादा सांडशीत धरून कानस फिरवत होते आणि मुलगा भात्याचा पंखा फिरवत होता. कानशीचे दाते आधी घासून काढले. ते राहिले तर वाकवताना तिथूनच चीर जाते, असं दादा म्हणाले. मग लाल करून पातं ओढलं, पाईपच्या तुकड्यावर वळवलं, बाहेरच्या अंगाने धार काढली आणि पाणी दिलं. मूठ बाभळीची. मूठ थोडी जाड बसली, ती मी घरी तासून घेतली.

पहिल्या आठवड्यात एका गाठीवर धारेचा नखाएवढा टवका उडाला. वाईट वाटलं, पण सुरी परत नेली. दादांनी एका नजरेत ओळखलं की पाणी जास्त चढलंय, पातं गरजेपेक्षा कडक झालंय. पातं घासून चकचकीत केलं आणि मागच्या बाजूने हळूहळू तापवलं. मला जवळ बोलावून दाखवलं: पोलादावर आधी फिकट पिवळा रंग धावत येतो, मग सोनेरी, मग तपकिरी, मग निळा. धारेशी सोनेरी आला त्या क्षणी पाण्यात. निळा होऊ दिला तर धार मऊ पडते. नवीन धार लावून दिली आणि पैसे घेतले नाहीत. त्यानंतर आजवर टवका उडालेला नाही. फक्त धार मीच राखते, कामाआधी प्रत्येक वेळी. आतल्या बाजूला काठीवर गुंडाळलेला 1000 नंबरचा वॉटर पेपर, बाहेरून जुना चामडी पट्टा.

आता लाकडाचं सांगते, कारण ही सुरी ओल्या लाकडासाठीच आहे.

फांदी त्याच दिवशीची हवी आणि हवी त्याहून वीतभर लांब कापावी. पाणी टोकांतून सर्वांत लवकर निघतं, म्हणून टोकं तडकतात आणि शेवटी कापून टाकावी लागतात. स्वीडनमधले लोक बर्च नावाच्या झाडाचे ओंडके बरेच दिवस सावलीत ठेवतात असं पाहिलं होतं. आपल्या मे महिन्यात ते चालत नाही. मी एक ओंडका सकाळी अंगणात विसरले. संध्याकाळपर्यंत गाभ्यापासून सालीकडे सूर्यकिरणांसारख्या भेगा पडल्या होत्या. लाकूड वाळताना आतून बाहेर कमी आणि गोलाईच्या अंगाने जवळजवळ दुप्पट आकसतं. मधला गाभा शाबूत असेल तर त्या ताणाला जायला वाट मिळत नाही आणि ते फाटतं. आता घरी आल्या आल्या टोकांवर मेणबत्तीचं मेण ओतते आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून मोरीत ठेवते. दोन-तीन दिवस निश्चिंत.

करवतीने उभं कापू नये, फोडावं. कोयता गाभ्यावर बरोबर मध्ये ठेवायचा आणि कपडे धुवायच्या मोगरीने ठोकायचं. लाकूड आपल्या रेषेने उलगडतं आणि दांडा त्याच रेषेत मिळतो, म्हणून तो बारीक केला तरी मोडत नाही. मग गाभ्याची बोटभर पट्टी काढून टाकायची. ही पट्टी सोडायचा मोह मला दोनदा झाला आणि दोन्ही डाव वाटीतून चिरले.

ओबडधोबड आकार एका बैठकीत काढते. वाटी सगळीकडे सारख्या जाडीची ठेवते, नाहीतर पातळ कड आधी वाळते आणि ओढ बसते. मग तो डाव त्याच्याच ढलप्यांसोबत पुठ्ठ्याच्या खोक्यात, कपाटाखाली. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. मागच्या डावाचं पहिल्या दिवशी 112 ग्रॅम होतं. ते उतरत उतरत 74 वर आलं आणि तीन दिवस तिथेच राहिलं, तेव्हा तो वाळला असं धरलं. शेवटचा हात या वाळलेल्या डावावर, ताज्या धारेने, अगदी पातळ ढलप्या काढत. पेरूचं लाकूड इतक्या बारीक पोताचं आहे की सुरीच्या हातालाच चकाकी येते. पॉलिश पेपर मी लावतच नाही.

वरून कच्चं जवसाचं तेल. ते हवेने घट्ट होतं. शेंगदाण्याचं होत नाही, खवट वास धरतं. तेल पुसलेलं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

पेरू नसेल तर आंब्याची किंवा जांभळाची फांदीही चालते. चिंच टिकाऊ, खाटकाचा ठोकळा उगाच तिचा नसतो, पण ही सुरी तिथे दमते. कण्हेर, रुई, बिब्बा यांच्या वाटेला जाऊ नका. तोंडात जाणाऱ्या वस्तूला विषारी किंवा चिकाचं लाकूड नको. शहरात राहणाऱ्यांनी छाटणी करणाऱ्यांकडून पडलेली फांदी मागून घ्यावी. उभ्या झाडाला हात लावू नये, शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि तोडायला परवानगी लागते.

त्या पहिल्यावहिल्या डावाने आमच्याकडे अजून आमटी वाढतात. बिडाच्या कढईत तो खरवडत नाही, आणि गरम पातेल्यात राहिला तरी दांडा हाताला पोळत नाही.

सुरी करून घ्यायची असेल तर पावसाआधी जा, पाऊस लागला की पाल उठते. कानस घरून न्या, गोलाई दाखवायला लिंबू न्या आणि डावखुरे असाल तर आधीच सांगा, धार उलट्या अंगाने काढावी लागते. घासाघीस करू नका. मला आता आवळ्याएवढ्या गोलाईची दुसरी हवी आहे, लहान चमच्यांसाठी. कानस शोधून ठेवली आहे.