घरचे कढीपत्ता तेल आणि माक्याचे तेल: आठ महिन्यांनंतर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी घरी दोन तेले करायला सुरुवात केली. एक स्वयंपाकासाठी, लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात कढीपत्ता, ओवा आणि सुकी लाल मिरची मुरवलेले. दुसरे डोक्याला लावण्यासाठी, खोबरेल तेलात सिद्ध केलेले माक्याचे. आठ महिन्यांत दोन्ही बऱ्याच वेळा केली, आणि तेल टिकणे-बिघडणे बऱ्याच अंशी ओलाव्यावर अवलंबून असते, हे मला अनुभवाने कळले.

पहिल्या खेपेला मी धुतलेला कढीपत्ता आणि सोललेल्या लसणाच्या पाकळ्या कोमट तेलात टाकून बाटली ओट्यावरच ठेवली. काही दिवसांत तेल गढूळ झाले आणि ते मी टाकून दिले. पण याविषयी वाचल्यावर लक्षात आले की गढूळपणा हा किरकोळ भाग होता. कच्चा लसूण तेलात बुडाला की त्याला हवा मिळत नाही, आणि अशा हवाबंद, आंबटपणा नसलेल्या ओलाव्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढून घातक विष तयार करू शकतो. तेलाचा वास आणि चव तेव्हाही चांगलीच असू शकते. १९८५ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे अशी विषबाधा झाली होती. तेव्हापासून लसणाचे तेल मी त्या दिवसापुरतेच करते. उरलेच तर लगेच फ्रिजमध्ये ठेवते आणि चार दिवसांच्या आत संपवते.

कढीपत्ता आता मी धुऊन, फडक्यावर पसरून, हातात चुरा होईपर्यंत सावलीत वाळवते. अर्धा लिटर तेलाला दोन मुठी वाळलेली पाने, एक चमचा ओवा आणि चार मिरच्या पुरतात. मंद आचेवर वीस मिनिटे ठेवून, थंड झाल्यावर गाळून, पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत भरते. हे तेल फोडणीसाठी मला फारसे उपयोगी वाटले नाही, कारण कडक तापवल्यावर त्याचा सुगंध बराचसा उडून जातो. मात्र भाकरीबरोबरच्या शेंगदाण्याच्या चटणीवर, गरम वरणावर किंवा काकडीच्या कोशिंबिरीवर वरून घातलेले एक चमचा तेल जेवणाची चव पालटून टाकते. ओव्यातील थायमॉल या सुगंधी घटकाचा तो किंचित तिखट, उष्ण वास आमच्या घरी सर्वांना इतका आवडला की आता वरणावर वेगळी फोडणी क्वचितच दिली जाते.

माक्याच्या तेलाला मात्र वेळ आणि लक्ष दोन्ही लागते. शार्ङ्गधरसंहिता या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथातील सर्वसाधारण प्रमाण एक भाग कल्क (वनस्पतीचा वाटलेला लगदा), चार भाग तेल आणि सोळा भाग द्रव असे आहे, म्हणजे पाव लिटर तेलाला सुमारे एक लिटर द्रव. एवढा रस काढायला माक्याचा भाराच लागला असता, म्हणून मी वाळलेल्या माक्याचा काढा वापरते. सगळे पाणी आटायला तीन तास तरी जातात आणि शेवटच्या अर्ध्या तासात कढईपासून हलता येत नाही. कल्क बोटांत वळून त्याची वात झाली, ती विस्तवावर धरल्यावर चटचट आवाज आला नाही आणि तेलावर फेस आला, की तेल सिद्ध झाले. तुपाच्या बाबतीत हीच खूण उलटी असते, तेथे फेस मावळतो. पूर्वापार चाललेल्या या परीक्षेबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण तिचा अर्थ शेवटी पाणी उरले नाही एवढाच आहे, आणि तेल खराब होऊ नये म्हणून नेमके तेच हवे असते.

गुणाबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर आठवड्यातून दोनदा रात्री लावल्याने माझ्या टाळूचा कोरडेपणा आणि खाज स्पष्टपणे कमी झाली. केस गळणे थांबले, असे मी म्हणणार नाही. त्यात मला फरक जाणवला नाही. कोरडेपणा कमी होण्यातही माक्याचा वाटा किती आणि नुसत्या खोबरेल तेलाच्या नियमित मालिशीचा किती, हे वेगळे करता येत नाही. नवे तेल डोक्याला लावण्याआधी मी कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून एक दिवस थांबते. थंडीत हे तेल गोठते, तेव्हा बाटली गरम पाण्यात उभी ठेवावी लागते आणि झाकणाच्या कडेने पाण्याचा एक थेंबही आत जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. पुढच्या खेपेपासून मी ते रुंद तोंडाच्या बरणीत भरणार आहे, म्हणजे गोठलेले तेल कोरड्या चमच्याने काढता येईल.