मिरवणारा नट आणि आत्ममग्न नट

गोव्यात फोंडा भागातल्या जत्रांतून नाटकं करणाऱ्यांना हे दोघे भेटतातच. दोघेही आरशासमोरून हलत नाहीत, दोघांनाही बोर्डावर आपलंच नाव मोठं हवं असतं. टाळ्या पडत असताना फरक कळत नाही. तो कळतो चूक दाखवल्यावर.

पहिला फुगतो, दोन दिवस अबोला धरतो आणि मग ‘बाब, तो प्रवेश परत घेऊया’ म्हणत तालमीला येतो. दुसऱ्याच्या लेखी प्रॉम्प्टर नालायक, दिग्दर्शक जळका, आणि डूख पुढच्या जत्रेपर्यंत. प्रॉम्प्टरची आई आजारी पडली तर पहिला गाडी काढतो. दुसरा विचारतो, ‘मग माझ्या प्रयोगाचं काय?’

नार्सिसिस्टिक, म्हणजे आत्ममग्न, व्यक्तिमत्त्व विकार डीएसएम या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी ग्रंथात १९८० साली आला. आज त्याचे नऊ निकष आहेत: मोठेपणाचा आव, कौतुकाची हाव, खास वागणुकीचा हक्क, दुसऱ्याला वापरून घेणं, सहानुभूती नसणं, हेवा वगैरे. त्यांतले किमान पाच हवेत, तेही तरुणपणापासून, घरी-दारी सगळीकडे. नुसत्या रंगमंचावरच्या तोऱ्याला (तो नसेल तर नट कसला!) विकार म्हणत नाहीत.

फसवतो तो तिसराच, गप्प कोपऱ्यात बसणारा. ‘माझी किंमत कुणाला कळलीच नाही’ हे त्याचं पालुपद. आतून आत्ममग्नच, पण आपण त्याला बिचारा समजतो. मीही समजलो होतो, चांगली तीन वर्षं. निदान मात्र मांडवातून करू नये. त्यासाठी बांबोळीला मनोविकारतज्ज्ञ आहेत.