पांढरी तीनची बासरी: सूर पक्का, बांधणी कच्ची

पोरीकडे न्यूयॉर्कला गेलो होतो. तिथं भुयारी स्टेशनात एक बासरीवाला गाडी धडधडत आली की थांबायचा नि ती गेली की तिथूनच सूर उचलायचा. १९८५ पासून तिथं 'म्युझिक अंडर न्यूयॉर्क' नावाचा उपक्रम चालतो, निवड चाचणी घेऊन वादकांना स्टेशनात वाजवायला जागा देतात. परतलो ते डोक्यात एकट्या बासरीचे तुकडे घेऊनच.

त्यासाठी ही पांढरी तीनची, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची, लांब बासरी मागवली, २,८०० रुपयांना. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) असा भरून येतो की पहिला तुकडा चार दिवसांत झाला. नागपूर मेट्रोच्या सीताबर्डी स्टेशनवर ऑरेंज आणि ॲक्वा मार्गिका एकमेकींना छेदतात, तिथली गर्दी ऐकत बसलो नि तुकड्यात मुद्दाम सहा सेकंदांच्या जागा सोडल्या. (आपली मेट्रो तिथं जमिनीखाली नाही, डोक्यावर आहे, पण गोंगाट तोच.) बायको म्हणते, "अहो, वाजवून राहिले का थांबून राहिले?"

तक्रार वेगळी. मे महिन्यात दुपारी खोली तापली की सूर चढतो, ते तर कोणत्याही बासरीचं होणार. पण तोंडाजवळचा दोरा महिन्यात सैल झाला नि बांबूला केसाएवढी चीर गेली. विकणाऱ्याला फोटो पाठवला, तर म्हणे तेल लावा. अरे बावा, तेल आधी सांगायचं नं! आता आतून बदामतेल फिरवतो, फडक्यात गुंडाळून कूलरपासून लांब ठेवतो.

आवाजाला पाचपैकी साडेचार, बांधणीला दोन. नवशिक्यानं घेऊ नये, बोटं पुरत नाहीत.