गळ टाकताना व्हिडिओ काढावा का? छातीवर ॲक्शन कॅमेरा लावून दोन सीझन फिरल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाही, कारण खाली थोडी कटकट आहे आणि त्यातली निम्मी चूक माझीच आहे. नेहमीचा चौकोनी ॲक्शन कॅमेरा, 4के, 10 मीटरपर्यंत वॉटरप्रूफ, सोबत छातीचा पट्टा आणि डोक्याचा पट्टा. मी गळाने मासे धरतो, तेही जास्त करून लूर (नकली आमिष) फेकून, आणि बरेचसे परत सोडतो. बंदूक घेऊन लायसन्सवर शिकारीला जाणारा एक मित्र आहे, त्याचा अनुभव पण मध्ये टाकतो, कारण प्रश्न दोघांचा एकच आहे, शिकारीला गेलं की व्हिडिओ शूटिंग करावं की गप शिकार करावी.

घेतला कशासाठी ते खरं सांगतो. फुशारकी मारायला. मोठा मासा सुटला म्हटलं की ग्रुपवर सगळे हसतात, "हो हो, एवढाऽऽ होता ना", म्हणून म्हटलं आता पुरावाच दाखवतो. आणि पहिल्याच ट्रिपला एक चांगला दणकट मासा लागला, मस्त पाच-सात मिनिटं झुंज झाली, घरी येऊन बघतो तर व्हिडिओत झुंज नाहीच, आहे काय तर माझी हनुवटी, आभाळ आणि दर दोन सेकंदांनी रीलचं (लाईन गुंडाळायच्या चाकाचं) हँडल. छातीचा पट्टा सैल होता त्यामुळे रॉड मागे खेचला की कॅमेरा आभाळाकडे बघायचा. आणि मासा? वाइड अँगल लेन्समध्ये पाच मीटरवरचा मासा चिंचोक्याएवढा दिसतो हो. नेटवर जे राक्षसी मासे दिसतात ना, त्यातले अर्धे हात पूर्ण लांब करून लेन्सच्या तोंडात घातलेले असतात, हे कॅमेरा घेतल्यावर कळलं. शिकारवाल्या मित्राचं पण हेच, चाळीस मीटरवरचं जनावर म्हणजे स्क्रीनवर एक तपकिरी ठिपका आणि गोळी सुटली की झटक्याने सगळं चित्र हलतं, शेवटी त्याने बंदुकीच्या दुर्बिणीवर बसणारा वेगळा कॅमेरा घेतला.

तर पुरावा म्हणून हे यंत्र फेल. पण विकलं नाही, कारण दुसऱ्याच एका गोष्टीसाठी कामाला आलं.

माझे मासे फार सुटायचे. लूरवर पाण्याच्या वर फटका बसला, खळ्ळकन आवाज झाला की मी हिसका मारायचो आणि लूर रिकामी माझ्याकडे उडत यायची. दोन वर्षं मी हुकांना शिव्या देत होतो, हुक बदलले, लाईन बदलली, एकदा तर रॉड बदलला (बायकोला अजून माहीत नाही). कॅमेऱ्यात सेकंदाला 120 फ्रेमवर रेकॉर्ड केलं आणि 30 वर चालवलं, म्हणजे चारपट हळू, तेव्हा दिसलं की मासा लूरपाशी तोंड उघडतोय, पाणी उडतंय, आणि माझा हात तेव्हाच मागे गेलेला आहे. माशाने लूर तोंडात घ्यायच्या आत मी ती त्याच्या तोंडातून काढून घेत होतो! आवाजाला घाबरून हिसका मारतोय हा गडी. हे मला तीन जणांनी तोंडाने सांगितलं होतं, "थांब, वजन जाणवू दे मग मार", मी हो हो म्हणायचो आणि मला वाटायचं मी थांबतोच. स्वतःला बघितल्याशिवाय डोक्यात शिरलं नाही.

तसंच बेलचं, म्हणजे रीलवरच्या लाईन अडवणाऱ्या तारेच्या कडीचं. लूर पाण्यात पडली की मी हँडल फिरवून बेल बंद करायचो, आणि दर वेळी स्पूलवर (लाईन जिच्यावर गुंडाळली जाते ती चकती) पहिल्या वेढ्याला ढिली लाईन बसत होती, तीच पुढच्या फेकीला गुंता होऊन बाहेर. छातीवरून हात आणि रील एकदम सरळ दिसतात म्हणून हे सापडलं. आता हाताने बेल पाडतो, लाईन बोटाने ताणतो, मग फिरवतो. गुंते जवळपास गेलेच. एवढ्या दोन गोष्टींत माझे पैसे वसूल, बाकी सगळं बोनस समजा.

आणि एक गोष्ट जी बघायला अजिबात आवडली नाही. व्हिडिओच्या खाली घड्याळ चालू असतं. पहिल्या सीझनमधला एक मासा, जो मी "व्यवस्थित सोडला" असं सगळ्यांना सांगत होतो, तो पाण्याबाहेर किती वेळ होता तर 1 मिनिट 50 सेकंद. चिमटा शोधण्यात वेळ, हुक काढण्यात वेळ, मग फोटो, मग "थांब थांब अजून एक, या बाजूने", मग कॅमेरा चालू आहे का बघण्यात वेळ. मला तर अर्धा मिनिट वाटला होता. कॅनडात फर्ग्युसन आणि टफ्ट्स या दोघांनी 1992 मध्ये रेनबो ट्राउटवर केलेला प्रयोग आहे, माशांना दमेपर्यंत पळवलं, मग काहींना हवेत धरलं. नुसते दमलेले मासे 12 तासांनंतर 88 टक्के जगले, 30 सेकंद हवेत धरलेले 62 टक्के, आणि पूर्ण एक मिनिट धरलेले फक्त 28 टक्के. आता प्रत्येक जातीचा मासा सारखा नसतो, पाणी थंड की गरम याने पण फरक पडतो, पण माझ्या 1 मिनिट 50 सेकंदांपुढे हे वाचल्यावर तोंड कडू झालं. तो मासा शेपूट हलवत गेला होता, व्हिडिओत पण गेलेलाच दिसतो. पुढे काय झालं ते कुठल्या कॅमेऱ्यात येणार.

त्यामुळे आता नियम असा केलाय की मासा सोडायचा असेल तर तो जाळीतच, पाण्यातच राहतो, हुक पाण्यातच निघतो, आणि छातीवरचा कॅमेरा जे पकडेल ते पकडेल. हात ओले. पोज नाही. वर उचलला तर तोंडाने आकडे मोजतो, पाचला खाली. आणि ज्यांना हातात मोबाईल धरून शूट करायची सवय आहे त्यांना माझा साधा सल्ला, नका करू, एका हातात रॉड, एका हातात मोबाईल, मग मासा कोणत्या हातात धरणार? तो खडकावर आपटत असतो आणि आपण फोकस करत असतो. शरीराला बांधलेला कॅमेरा असेल तरच शूटिंगच्या भानगडीत पडा.

डोक्यावर की छातीवर, यावर सगळे विचारतात. डोक्यावर लावला की आपण जिथे बघतो तिथलं चित्र येतं, पाणी छान दिसतं, पण गळवाला माणूस डोकं किती हलवतो ते घरी कळतं, मला स्वतःचा व्हिडिओ बघून मळमळलं. स्टॅबिलायझेशन (चित्राची थरथर कमी करणं) आता चांगलं असतं, गोप्रो कंपनीने 2018 ला हीरो 7 मध्ये हायपरस्मूथ आणलं तेव्हापासून सगळ्यांनीच ते मनावर घेतलं, पण मान गर्रकन फिरवली तर ते तरी काय करणार. छातीवर हात दिसतात, चुका दिसतात. शिकायचं असेल तर छाती, पट्टा आवळून आणि कॅमेरा थोडा खाली झुकवून. वजन नकोसं होत असेल तर इन्स्टा360 गो 3 सारखे 35 ग्रॅमचे चिमुकले पण मिळतात, शर्टाला आतून लोहचुंबक लावून बसतात, मित्राचा वापरून बघितला, बरा आहे पण बॅटरी चिमुकलीच.

बॅटरीवरून आठवलं. ट्रिप सहा तासांची, 4के 60 वर एक बॅटरी तासभर गेली तरी खूप, थंडीच्या पहाटे त्याहून कमी. आणि मासा लागतो केव्हा तर दुसरी बॅटरी संपून तिसरी खिशात शोधताना. कार्डचा हिशोब पण करून ठेवा, 100 एमबीपीएसवर (सेकंदाला 100 मेगाबिट) तासाला 45 जीबी, म्हणजे 128 चं कार्ड तीन तासांत गार. कार्ड व्ही30 (लिहिण्याच्या वेगाची खूण) लिहिलेलंच घ्या, साधं घेतलं तर रेकॉर्डिंग मध्येच थांबतं आणि आपल्याला पत्ता नसतो. मी आता सगळा वेळ रेकॉर्ड करतच नाही, मागचे 30 सेकंद लक्षात ठेवणारा मोड वापरतो, गोप्रोवाले त्याला हाइंडसाइट म्हणतात, 2020 च्या हीरो 9 पासून आहे, बाकीच्यांचं पण प्री-रेकॉर्ड असतंच. मासा लागला की बटण दाबायचं आणि आधीचा अर्धा मिनिट आपोआप सेव्ह. गळासाठी याच्याइतकं कामाचं फीचर दुसरं नाही, कारण मला हवा असतो तो फटक्याचा क्षण, आणि तो सांगून येत नाही. फक्त सेन्सर सतत चालू राहतो म्हणून बॅटरी खातो, उन्हात एका जागी उभं राहिलं तर कॅमेरा तापून बंद पण पडतो. व्हॉइस कमांडचं म्हणाल तर वाऱ्यात मी तीनदा ओरडलो, कॅमेरा सोडून सगळ्यांनी ऐकलं.

पाण्याच्या आतलं दिसेल ही आशा सोडा. आपल्या डोळ्यावर पोलराइज्ड (पाण्यावरची चकाकी कापणारा) गॉगल असतो म्हणून मासा लूरच्या मागे येताना आपल्याला दिसतो, कॅमेऱ्याला दिसते ती नुसती चकाकी. पोलराइज्ड फिल्टर मिळतो, मी घेतला, पण तो एका ठरावीक कोनात फिरवलेला असला तरच काम करतो आणि छातीवरचा कॅमेरा माझ्याबरोबर सगळीकडे फिरतो, शिवाय उजेड कमी करतो तो वेगळाच, संध्याकाळी सगळं काळपट. फिल्टर ड्रॉवरमध्ये आहे.

आता कटकट. दुसऱ्या सीझनला मी वाकताना पट्ट्याची प्लॅस्टिकची क्लिप सुटली आणि कॅमेरा डुबुक. वॉटरप्रूफ आहे, पण तरंगत नाही! मांडीभर पाणी होतं म्हणून अर्धा तास चाचपडून सापडला. क्लिपबद्दल कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की "वापरकर्त्याने नीट बसवली नसावी". खटका पूर्ण बसला का हे मी बघितलं नव्हतं हे खरं, पण मूठभर प्लॅस्टिकवर एवढा महागाचा ऐवज लटकवायचा तर एखादी दोरी द्यायला काय जातं? बांधून टाका, दोरी बांधाच. खाऱ्या पाण्यात गेलात तर घरी आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि दार उघडायच्या आधी पूर्ण पुसा, बॅटरीच्या दाराच्या रबरावर वाळूचा एक कण अडकला तरी पाणी आत येतं.

शेअर करणाऱ्यांसाठी एकच, जीपीएस बंद करा. फाईलमध्ये लोकेशन, तारीख, वेळ सगळं बसतं. मी नसतं केलं बंद तर माझ्या गुपचूप जागेवर पुढच्या रविवारी जत्रा. आणि जीपीएस बंद करून पण मागे ओळखीचा पूल दिसत असेल तर काय उपयोग, ते पण बघा.

जाता जाता एक गंमत. एत्येन ज्यूल मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1882 मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला होता, खांद्याला लावायचा, उडत्या पक्ष्यावर नेम धरायचा आणि घोडा दाबायचा, सेकंदाला 12 चित्रं. पंख नक्की कसे हलतात ते त्याला बघायचं होतं. आणि गोप्रोचा संस्थापक निक वुडमन लाटांवर सर्फिंग करणारा, मनगटाला कॅमेरा बांधता यावा म्हणून सुरुवात केली, 2004 चा पहिला कॅमेरा तर चक्क 35 एमएम फिल्मवाला होता. माझी छातीवरची डबी या दोघांमधलं कुठलं वंशज आहे यावर मी मासा लागत नाही तेव्हा विचार करतो, म्हणजे भरपूर वेळ.

एडिटिंगचं विचारू नका. पहिल्या सीझनचं अडीच टीबी पडून आहे, कोणी बघत नाही, मी पण नाही. आता घरी आलो की त्याच रात्री फक्त सुटलेले मासे बघतो, वहीत एक ओळ लिहितो आणि कार्ड फॉरमॅट. धरलेल्या माशांचे व्हिडिओ वर्षातून दोन-तीन ठेवले तर ठेवले. मित्र उलटं करतो, त्याला गोळी कुठे बसली ते जागेवरच बघायचं असतं, कारण जनावर पळालं तर माग काढायला लगेच निघायचं की थांबून, हे त्यावर ठरतं. पण गेल्या वेळी तो कॅमेरा चालू करायच्या नादात जनावर निघून जाईपर्यंत बटणच शोधत होता, तेव्हापासून पहाटेचा पहिला तास तो कॅमेरा बॅगेत ठेवतो. मी पण ते उचललं. पहिला तास बिनकॅमेऱ्याचा, आणि अर्थातच या सीझनचा सगळ्यात मोठा मासा त्याच तासात लागला, एवढाऽऽ होता, आणि ग्रुपवर परत सगळे हसतायत.